डावं बटण

तेरावं उरकल्यावर भालेराव पहिल्यांदाच कामाच्या टेबलाशी बसले. मॉनिटर एक, कीबोर्ड एक आणि टेबलाखाली कॉम्प्युटर दोन. मधल्या स्विचचं डावं बटण दाबलं की त्यांचे हिशेब दिसायचे, उजवं दाबलं की कुमुदच्या लग्नपत्रिका.

नवरा-बायकोत ठरलं होतं, की उठणाऱ्याने दुसऱ्याचं बटण दाबून उठायचं. भालेराव हमखास विसरायचे. "अहो, परत तुमचेच आकडे माझ्यासमोर!" म्हणून कुमुद करवादायची, पण ती स्वतः कधी चुकली नाही.

त्यांनी मॉनिटर सुरू केला. हिशेबांऐवजी अर्धवट पत्रिका समोर आली: 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. पुढे नुसता कर्सर लुकलुकत होता. छातीत कळ आली तेव्हा कुमुद इथेच बसली होती. त्यानंतर तिचा कॉम्प्युटर कुणी बंदच केला नव्हता.

"बाबा, हा स्विच आता काढून टाकू?" मागून लेकीने विचारलं. "तुमचा थेट जोडून देते."

"राहू दे गं."

डाव्या बटणाकडे बोट नेताना ते अडखळले. इतक्या वर्षांत ते त्यांना स्वतः दाबावंच लागलं नव्हतं.

काम आटोपलं. उठताना त्यांनी आठवणीने उजवं दाबलं.