मेन बंद हाय

महाळुंगेतल्या त्या कंपनीत खंडेनवमीला कामगारांच्या घरच्यांनाही पूजेला बोलावतात. दहावीतली विजयश्री हात न लावता, नुसत्या मनाच्या जोरावर लोखंड हलवायची. जोर लावला की तिची नखं काळीनिळी पडायची. माल लवकर निघावा म्हणून सुपरवायझर अर्जुनरावांनी ज्या प्रेसचा सुरक्षेचा सेन्सर काढला आणि जिच्याखाली पप्पांची चार बोटं गेली, तिच्याचसमोर आज ती उभी होती.

"समाधान, लांब का उभा? आज मेन बंद हाय, चावायची न्हाई ती!" अर्जुनराव पप्पांकडे बघून हसले आणि हळदीकुंकू लावायला त्यांनी हात प्रेसच्या आत घातला.

विजयश्रीनं दात आवळले. प्रेसचा वरचा अवजड ठोकळा थरथरला. तेवढ्यात पप्पांनी उरलेल्या अंगठ्यानं तिचं मनगट दाबलं. "नको पोरी," ते पुटपुटले. तिनं जोर सोडला. नखं पुन्हा गुलाबी झाली.

आणि ठोकळा धाडकन खाली आला. पूजेच्या ताटावर रक्त उडालं, अर्जुनराव गुरासारखे ओरडले.



पलीकडे त्यांचा मुलगा ओंकार शांत उभा होता. गालावर बापाच्या पट्ट्याचे वळ, आणि हातातल्या नारळावर रोवलेली काळीनिळी नखं.