घाटाची चिठ्ठी

"तिसरा टप्पा," मावशी म्हणाली. "म्हणजे घाट माझ्याकडे."

साबणाच्या रिकाम्या खोक्यातली पहिली चिठ्ठी तिनेच उचलली होती. वाचून तिने ती चुरगळली आणि खिशात टाकली. इस्पितळाच्या धुलाईघरात कपडे पिळायचं यंत्र घरघरत होतं. मुकादमाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ड्रायव्हरला एकाएकी खोकला आला. फाटक्या चादरी शिवायला बसणारी, मावशीची सख्खी भाची, सुई तशीच हातात धरून म्हणाली, "मावशी, चष्मा लावून वाच ना एकदा."

"दिसतंय मला."

चौघांच्या संघाची रिले शर्यत होती आणि कोणी कोणता टप्पा धावायचा ते चिठ्ठ्यांवर ठरणार होतं. पहिला टप्पा सगळ्यात सोपा, चार किलोमीटर, तोही उताराचा. तिसरा म्हणजे नऊ किलोमीटरचा घाट, सात वळणांचा. अकराच्या आत माथ्यावर पोहोचून संघाचा कापडी पट्टा पुढच्याच्या हातात दिला नाही, तर अख्खा संघ बाद. मावशी बावन्न वर्षांची. धावायला लागून तिला दोन वर्षं झाली होती आणि आजवर प्रत्येक शर्यतीत तिने शेवटून पहिला नंबर काढला होता.

"आपण अदलाबदल करू," मुकादम म्हणाला. "घाट मी घेतो."

"आला तो आला. आता रडीचा डाव नको."

उरलेल्या तीन चिठ्ठ्या न उघडताच मुकादमाने खोका बंद केला. बाकीचं आमचं आम्ही बघतो, एवढंच म्हणाला.

एकोणीस वर्षं मावशी धुतलेल्या चादरींची ढकलगाडी तळघरातून चौथ्या मजल्यापर्यंत रॅम्पवरून चढवत आली होती. आता काम सुटल्यावर ती तोच रॅम्प रिकाम्या हातांनी धावू लागली. नर्सा तिला हसायच्या. भाची रोज विचारायची, "झेपेल ना गं?" हे "झेपेल ना" ऐकून मावशीचे कान किटले होते. घरी तेच, कामावर तेच. तिला एकदा तरी लिंबूटिंबू न होता खेळायचं होतं.

शर्यतीच्या दिवशी ड्रायव्हरने पट्टा तिच्या हातात कोंबला तेव्हा साडेनऊ झाले होते. पहिल्याच वळणावर सगळा लोंढा तिला मागे टाकून गेला. तिने मान वर केलीच नाही. गाडी ढकलताना झुकायची तशी पुढे झुकली आणि बारीक पावलं टाकत राहिली. चौथ्या वळणावर पुढे गेलेल्यांतले काही जण कमरेवर हात ठेवून चालताना दिसले. तिने त्यांना गाठलं. सहाव्या वळणावर पोटऱ्यांचे दगड झाले आणि तिला चक्क रडू आलं. मग ती रडत रडत धावली.

पहिला टप्पा धावून गाडीने वर आलेला मुकादम माथ्यावर घड्याळ धरून नाचत होता. "चला मावशी, तीन मिनिटं!"

पट्टा भाचीच्या हातात पडला तेव्हा अकराला दोन मिनिटं कमी होती. भाची तिला मिठी मारायला पुढे झाली.

"पळ की गं, बावळट!" मावशी ओरडली, आणि भाची हसत सुटली. पुढचा सपाट रस्ता तिच्या डाव्या हातचा मळ होता.

मावशी कठड्याला टेकली. मुकादमाने पाण्याची बाटली पुढे केली आणि मान खाली घातली.

"मावशी, एक सांगायचं राहिलंय. तुम्हाला त्रास नको म्हणून आम्ही तिघांनी लबाडी केली होती. खोक्यात घाटाची चिठ्ठीच नव्हती. चारही चिठ्ठ्यांवर 'पहिला' लिहिलं होतं. तुम्ही चष्म्याविना भलतंच वाचलंत आणि आम्हाला तोंड उघडायची सोय राहिली नाही."

मावशीने बाटली रिकामी केली. हाताने तोंड पुसलं.

"मुकादम, 'पहिला' मला चष्म्याशिवायही वाचता येतं."