चौथा सूर

"पुन्हा चुकलात, काका," रुमाना म्हणाली. "चौथा सूर. बोट एक घर पुढं पडतंय."

फोनच्या पडद्यावर मानसिंगांनी गिटारच्या दांडीकडं पाहिलं. दांडीवर पट्ट्यांनी आखलेल्या तिसऱ्या घरात दाबायची तार त्यांनी चौथ्यात दाबली होती. नेहमीसारखीच.

"व्हय बाई. पडतंय खरं," ते म्हणाले आणि पुन्हा पहिल्या सुरापासून निघाले.

सांगलीतल्या घराच्या माडीवर रुमाना गिटार शिकवायची. पूर्वी जिन्यात चपलांचा ढीग पडायचा. आता पोरं मोबाईलवर बघून आपली आपण शिकत. अम्मी गेल्यापासून खालचा मजला गप्पच होता. दिवस दिवस तिच्याशी बोलायला कुणी नसे. मंगळवारी संध्याकाळी कोरेगावहून मानसिंगांचा फोन मात्र चुकत नसे, आणि मंगळवार उजाडला की ती दुपारपासूनच घड्याळाकडं बघू लागे.

मानसिंग फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. घरचा ऊस होता. साठीतल्या माणसानं गिटार धरावी याचं तिला पहिल्यांदा नवल वाटलं होतं.

"गाणं नको," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "निस्ती स्केल शिकवा, सुरांची चढउतार. आन् ते कॉर्डचं सूर सुटं सुटं वाजवत्यात, ते."

"आर्पेजिओ."

"तेच. पोरगा रोज सकाळी तेवढंच घासायचा. गिटार त्याचीच हाय, वीरधवलची." त्यांनी तोंड फिरवलं. "आता न्हाई वाजवत त्यो."

रुमानानं लगेच पहिला सूर दाखवायला घेतला.

ते नेहमी घरातल्या बोळात बसत, एका बंद दाराला पाठ लावून. तिथं रेंज धड नसे, उजेडही नसे. अंगणात बसा म्हटलं तर "हितंच बरं हाय" म्हणत. कधी कधी दाराशी झाकलेलं ताट आणि पाण्याचा तांब्या दिसे. गेलेल्या माणसाच्या नावानं कुणी ताट ठेवतं, हे रुमानाला ठाऊक होतं. ती स्वतः अम्मीच्या रिकाम्या पलंगावरची चादर अजून बदलत होती.

कोडं एकच होतं. आर्पेजिओ त्यांचे छान बसले होते. प्रत्येक सूर स्वच्छ, लय पक्की. स्केल वाजवताना मात्र चौथ्या सुरावर हमखास घसरत. तिनं त्या जागी खूण करायला लावली, गाऊन दाखवलं, सगळं करून झालं.

एकदा त्यांनी विचारलं होतं, "बाई, असं चुकीचं वाजलं की जाणत्या माणसाला तरास हुतो का?"

"होतो. खोटं कशाला सांगू? उठून यावं आणि तुमचं बोट धरून मागं घ्यावं, असं वाटतं."

मानसिंगांनी मागच्या दाराकडं एकदा पाहिलं. "बरं झालं सांगितलंसा," एवढंच म्हणाले.

आपण म्हाताऱ्या माणसाला दुखावलं, असं तिला वाटलं. पण त्यानंतर ते आणखी जोरात वाजवायला लागले. आणि चूक होती तिथंच राहिली.

श्रावणात ती साताऱ्याला खालाकडं, अम्मीच्या बहिणीकडं गेली होती. परतीच्या गाडीत कोरेगाव स्टेशन आलं आणि ती उतरली. एकदा स्वतःच्या हातानं त्यांचं बोट जागेवर ठेवावं, असं तिच्या मनात होतं. निदान तसं तिनं स्वतःला सांगितलं. खरं तर सांगलीतल्या त्या घरात शिरायला तिचा पाय उचलत नव्हता.

विचारत विचारत ती सुभेदारांच्या घरी पोचली. ओसरीवर एक बाई तांदूळ निवडत बसली होती. मानसिंगांची बायको, राहीबाई. रुमानानं आपली ओळख सांगितली. राहीबाईंनी तिला पाणी दिलं.

"जरा दम खावा, बाई. त्येंचं चाललंय."

आतून, स्वयंपाकघराच्या बाजूनं, हलक्या हातानं वाजवलेली स्केल ऐकू येत होती. आठही सूर. चढते, मग उतरते. चौथा सूर नेमका जागेवर. रुमाना पेला हातात धरून ऐकत राहिली. पुन्हा एकदा वाजलं, तसंच निर्मळ.

तिनं पेला खाली ठेवला. म्हणजे इतके महिने या माणसानं आपली चेष्टा केली होती. ती उठून आत गेली.

मानसिंग गिटार घेऊन बोळात आले होते. दाराशी झाकलेलं ताट होतंच. त्यांनी जमिनीवर बैठक मारली, दाराला पाठ लावली आणि स्केल वाजवली. या वेळी मोठ्यानं. चौथ्या सुराला बोट एक घर पुढं.

"काका, तुम्हाला तर येतंय," रुमाना म्हणाली. "मी आत्ता ऐकलं."

मानसिंग दचकले. तिला ओळखताच त्यांनी घाईनं ओठांवर बोट ठेवलं. चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. त्यांनी दाराकडं कान केला, थोडा वेळ थांबले आणि पुन्हा वाजवली. तीच चूक. पुन्हा वाजवली. तीच.

ओसरीवरचा सुपाचा आवाज थांबला.

दारामागं काहीतरी सरकलं. मग फार दिवस न वापरल्यासारखा, खरखरीत, तरुण आवाज आला.

"आबा, एक घर मागं."

मानसिंगांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. गिटार सावरली, पहिल्या सुरापासून सुरुवात केली आणि चौथ्या सुराला बोट पुन्हा एक घर पुढंच टाकलं.