फाट्यावरची डॉक्टरीण

निरवांगी फाट्यावर एसटीतून उतरायच्या आधीच वृषालीनं स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. स्वतःच्याच फोटोखालून चालत जायचं म्हणजे काय चेष्टा आहे! दहा बाय आठचा फ्लेक्स. त्यावर 'डॉ. वृषाली गोकुळ रासकर हिचे हार्दिक अभिनंदन' आणि तिच्या फोटोच्या दुप्पट मोठा तिच्या धाकट्या चुलत्यांचा, सर्जेरावांचा फोटो. खाली शुभेच्छुकांची ही लांबलचक रांग.

डॉक्टर कसली न् काय कसली! पोरगी बारामतीत बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. नीटला मार्क बरे पडले, एवढंच ऐकून काकांनी ऐन गणपतीत बोर्ड ठोकून दिला. मार्क पडणं वेगळं आणि मेडिकलला जागा मिळणं वेगळं, हे तिनं त्यांना चारदा सांगून पाहिलं. पण काका एकदा रंगात आले की त्यांना ऐकू येत नाही. बोर्ड लागला त्याच दिवशी शेजारची द्वारकाबाई दुखरा गुडघा दाखवायला दारात येऊन बसली होती.

आणि आज सकाळी शेवटची यादी लागली. पाच मार्कांनी तिचं नाव हुकलं होतं.

घरी काय बोलायचं ते तिनं बसमध्ये पाठ करून ठेवलं होतं. नंबर लागला नाही. कॉलेज करता करता परत परीक्षेला बसते. आणखी एक वर्ष द्या. घरच्यांनी नाही म्हटलं, तर मेडिकलचं नावच संपलं.

मान खाली घालून ती चार पावलं चालली आणि मग चोरून वर बघितलं. बोर्ड नव्हता. नुसते दोन बांबू उभे होते. म्हणजे गावाला आधीच कळलं की काय!

अंगणात पाऊल टाकलं तर काकांचा आवाज टिपेला लागलेला. ते मोबाईलवर कुणाला तरी फैलावर घेत होते.

"पोरीचा बोर्ड चोरत्यात म्हंजी काय? समोरच्या पॅनेलचंच काम हाय हे! माझा फोटो खुपतोय त्यांच्या डोळ्यात!"

अप्पा, म्हणजे तिचे आजोबा, शेडमध्ये डाळिंबाच्या ढिगापाशी मांडी घालून बसले होते. मोठं फळ एका कॅरेटात, बारकं दुसऱ्यात. लेकाच्या आरड्याओरड्याकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

"आलीस व्हय?" ते म्हणाले. "आन् त्वांड कशाला झाकलंयस? हितं काय धूळ उडतीया?"

तिनं स्कार्फ सोडला.

"वृषे, तू अजिबात काळजी करू नगंस," काका फोन खिशात घालत म्हणाले. "उद्याच्या उद्या दुप्पट मोठा लावतो. ह्या बारीला लायटिंगसकट!"

आता आपण गप्प बसलो तर फाट्यावर दिवे लागणार, हे तिला कळून चुकलं. बसमध्ये पाठ केलेलं सगळं डोक्यातून उडालं.

"काका, नका लावू. माझा नंबर लागला न्हाय."

काकांचा हात खिशातच राहिला. "म्हंजी? एवढं मार्क पडून?"

"पाच कमी पडले. आजची यादी शेवटचीच होती."

अप्पांनी हातातलं डाळिंब फिरवून फिरवून बघितलं आणि सावकाश कॅरेटात ठेवलं. तेवढ्यात तिचा जीव चार वेळा खालीवर झाला.

"परत कधी असती ती परीक्षा?" त्यांनी विचारलं.

"मे महिन्यात. कॉलेज सांभाळून करीन मी, अप्पा. फक्त एक वर्ष..."

"मग दे की. मे काय लांब हाय?"

एवढंच! ज्याच्यापायी रात्रंदिवस जीव टांगणीला लागला होता, ते सगळं एवढंच होतं. तिला हसू आलं आणि हसता हसता डोळेही भरले. ती तिथंच ढिगाशेजारी फतकल मारून बसली. गेला महिनाभर मेसच्या ताटातला घास तिच्या घशाखाली धड उतरत नव्हता. आता एकदम कडकडून भूक लागली.

काका मात्र अजून फाट्यावरच अडकले होते.

"ते ऱ्हाऊ द्या. पोरगी हुशार हाय, पुढच्या वर्षी लागंल नंबर," ते म्हणाले. "पण बोर्ड नेला कुणी ते मला कळलंच पायजे."

अप्पांनी पुढ्यातली डाळिंबं हातानं बाजूला सारली. खाली अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदाचा कोपरा धरून उलटा केला. आतून सर्जेकाकांची अर्धी मिशी दिसली.

"म्या काढला. काल दुपारी."

"काल?" काका त्या मिशीकडं बघतच राहिले. "पण अप्पा, यादी तर आज लागली. तुमाला कालच कसं कळलं?"

"यादीतलं मला काय कळतंय?" अप्पांनी कोपरा सोडून दिला आणि पुढचं फळ उचललं. "तू त्यो बोर्ड लावल्यापास्नं पोरगी एकबी ऐतवार घरी आली न्हाय. तेवढं कळलं."