तिसऱ्या वर्षीची सही

महापौरपदाची उमेदवारी मिळाल्याचं कळताच रोहिणीताई खैरमोडे पेढे घेऊन पक्ष कार्यालयात आल्या.

“गवळी तलावासाठी मी बुलडोझरसमोर झोपले होते. पक्षानं ते लक्षात ठेवलं, बरं वाटलं,” त्या म्हणाल्या.

शहराध्यक्ष वाघचौरेंनी स्क्रीन त्यांच्याकडं वळवला. इच्छुकांनी अर्जासोबत दिलेल्या आठवणींवरून पक्षाच्या यंत्रानं प्रत्येकाची हुबेहूब प्रतिकृती बनवली होती आणि यंत्रातल्याच शहरात तिला पाच वर्षं महापौर करून पाहिलं होतं.

स्क्रीनवर तलाव बुजवण्याचा आदेश होता. खाली रोहिणीताईंची सही होती, नेहमीच्या दोन रेघांसकट.

“हे खोटं आहे.”

“बाकीच्या सातही जणांनी पहिल्याच महिन्यात सही केली, ताई. असली माणसं लोक लगेच ओळखतात. तुम्ही तिसऱ्या वर्षी केलीत, तेव्हा कुणाला संशयसुद्धा आला नाही. म्हणून उमेदवारी तुम्हाला.”

“मी मेले तरी सही करणार नाही, साहेब.”

वाघचौरेंनी बॉक्समधला एक पेढा उचलला.

“तिथंही तुम्ही दोन वर्षं हेच म्हणत होतात.”