नवीन काम बंद

बारा वर्षं लोकांचं रक्त तपासल्यावर तिला बढती मिळाली होती. कधी न पाहिलेल्या, दूरच्या शहरातल्या नव्या लॅबची ती प्रमुख होणार होती. पण आठ दिवस झाले तरी घरी तिने अवाक्षर काढलं नव्हतं. नवऱ्याच्या शिवणकामाच्या दुकानाचा आत्ता कुठे जम बसला होता. बसलेली घडी कशाला मोडायची? आज तिने मनाशी ठरवूनच टाकलं, नाही म्हणायचं.

घरी जाताना ती दुकानात डोकावली. एक बाई कापड घेऊन उभ्या होत्या.

"नवीन काम घेत नाही, ताई," नवरा त्यांना सांगत होता. "पुढच्या महिन्यात आम्ही इथून हलतोय."

बाई गेल्यावर ती स्टुलावर टेकली.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझे साहेब कोटाचं माप द्यायला आले होते. तोंडभरून कौतुक करत होते."

"आणि दुकान?"

"माणसं तिकडेही जाड-बारीक होतच असतील."

तिला हसू आवरेना. "आपण कुठे जातोय, ते तरी माहीत आहे का?"

त्याने दातांनी दोरा तोडला. "साहेब सांगत होते, मीच थांबवलं. म्हटलं, ते माझी बायको सांगेल."