चाचणीची तालीम

"हात कशाला झुलवतोस? थरथरले तर दिसतील ना," बायको म्हणाली. "माझ्याकडे बघ. मी चालते तसं चाल."

तो पुन्हा दारापासून मोरीपर्यंत चालला. त्याची सात पावलं व्हायची, तिची अकरा. त्यानेही अकरा केली.

कारखान्यात यंत्रांचे तेलकट भाग द्रावणात बुडवून धुवायचे, हे त्याचं काम. बारा वर्षं तो त्या वाफेत उभा होता. यंदा विभागातल्या दोघांचे हात थरथरू लागले आणि दोघांनाही घरी बसवलं. घरी म्हणजे कुठे, हाही प्रश्नच, कारण खोल्या कारखान्याच्याच. परवा चहा ओतताना याचीही बोटं थरथरली. काम सोडावं तर छप्पर जाणार, करावं तर हात जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. सोमवारी डॉक्टरांची तपासणी होती.

बायकोइतकं स्थिर माणूस त्याच्या पाहण्यात नव्हतं. पूर्वी शब्दाने शब्द वाढवायची. आता कपाळावर आठीसुद्धा पडत नसे. शेजारणी तिला 'बर्फाची लादी' म्हणत. तो कारखान्यातून गुपचूप डबाभर द्रावण आणायचा आणि त्या द्रावणाने ती लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढायची. वासाने चोरी फुटू नये म्हणून दिवसभर मोरीचं दार लावून बसायची. कपड्यांना टाचायच्या चिठ्ठ्यांवर मुंगीएवढ्या अक्षरांत नावं लिहायची. त्याने ते अक्षरही गिरवलं.

सोमवारी ती बाहेर बाकावर बसली. आत तो चालला, एक ओळ लिहिली. काहीही थरथरलं नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "चेहरा हलत नाही, हात झुलत नाहीत, पाऊल आखूड, अक्षर बारीक. द्रावण मेंदूत भिनलं की असंच होतं. कंपवाताचाच प्रकार हा, थरथर नसली तरी."

त्याचं धाबं दणाणलं. ही सगळी तालीम आहे, त्याने हात जोडून सांगितलं. मग डॉक्टरांनी त्याला नेहमीसारखं चालायला लावलं. तो हात झुलवत खिडकीपर्यंत जाऊन आला. ऐसपैस अक्षरात नाव लिहिलं. बोटं किंचित थरथरली. डॉक्टरांनी ती निरखली आणि ही नुसती भीती आहे, तुम्ही ठणठणीत आहात, असं सांगून कागदावर सही केली.

"पण इतकी हुबेहूब नक्कल केलीत तरी कुणाची?" त्यांनी विचारलं.

त्याचा जीव भांड्यात पडला होता. कितीतरी दिवसांनी तो मोकळेपणाने हसला.

"बायकोची," तो म्हणाला.